मसीहुल-मुल्क हकीम अजमल खान : एका मुळीची परीक्षा



आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी ना कोणी रक्तदाबाची गोळी घेत असेल. एखाद्या घरात झोप हरवलेला, स्वतःशीच बोलणारा, घरच्यांनाही ओळख न देणारा तरुण असेल आणि त्याच्याविषयी घरचे लोक दबक्या आवाजात बोलत असतील. पहिल्या रोग्याला आपण निःसंकोचपणे डॉक्टरकडे नेतो. दुसऱ्याच्या गळ्यात मात्र बहुधा आधी ताईत बांधला जातो आणि डॉक्टरचे दार वर्षा-दोन वर्षांनी गाठले जाते. या दोन्ही आजारांवर एकच मुळी गुण देते, हे आपल्याच देशात सुमारे नव्वद वर्षांपूर्वी दिसून आले आणि त्या मुळीच्या अभ्यासातून जगाला मेंदूच्या कार्याविषयी पुष्कळ काही कळले. ती मुळी सर्पगंधेची. तिला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते हकीम अजमल खान खिलाफत चळवळीचे आणि स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी म्हणून आपणांस ठाऊक असतील. आज त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू आपणांसमोर ठेवावयाची आहे.

हकीम अजमल खान यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत झाला. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हकिमांचे. मोगल दरबारातील नामांकित हकीम शरीफ खान हे त्यांचे पूर्वज. त्यांच्यामुळे या घराण्यास शरीफी घराणे आणि बल्लीमारानमधील त्यांच्या वाड्यास शरीफ मंझिल हे नाव मिळाले. वडील हकीम महमूद खान यांच्याकडे दूरदूरचे रोगी येत. अजमल खान यांनी बालपणी कुरआन मुखोद्गत केले, नंतर अरबी, फारसी, तर्कशास्त्र यांचे अध्ययन केले आणि तिब, म्हणजे युनानी वैद्यक, घरीच वडिलांकडून व थोरल्या बंधूंकडून आत्मसात केले. ‘शैदा’ या नावाने ते उर्दू व फारसीत काव्यरचनाही करीत.

१८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. तेथील दुर्मीळ हस्तलिखितांनी समृद्ध असलेल्या ग्रंथालयाची देखरेखही काही काळ त्यांच्याकडे होती. राजवैद्याचे पद, मानमरातब आणि हाताशी ग्रंथांचे भांडार असताना एखाद्याने आयुष्य तेथेच सुखाने घालविले असते. परंतु थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा-ए-तिब्बिया ही वैद्यकाची पाठशाळा उभी केली होती. त्यांच्या आणि त्यांच्यानंतर दुसरे बंधू वासिल खान यांच्या निधनानंतर तिची जबाबदारी अजमल खान यांच्यावर आली आणि ते दिल्लीस परतले.

येथे त्यांच्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. वाचकहो, तो प्रश्न नीट समजून घ्यावा, कारण त्याचे उत्तर हेच त्यांचे खरे जीवनकार्य ठरले.

एके काळी मुस्लिम वैद्यांनी औषधाची परीक्षा कशी घ्यावी, हे जगाला शिकविले होते. अबू बक्र अल-राझी यांनी सरसाम या मेंदूच्या आजारात काही रोग्यांची शीर उघडून रक्त काढले आणि काहींना हेतुपूर्वक तसेच ठेवून दोहोंची तुलना केली. इब्न सीना यांनी आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. औषध भेसळमुक्त असावे. गुंतागुंतीच्या आजारावर नव्हे तर एकेरी आजारावर ते तपासावे. त्याचा गुण एकदाच नव्हे तर वारंवार दिसावा. आणि ते माणसावरच आजमावावे, कारण जनावरावर दिसलेला परिणाम माणसावर दिसेलच असे नाही. हे नियम सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे मात्र या ग्रंथांचे पठण राहिले आणि परीक्षा मागे पडली. घराण्याचा नुस्खा घराण्यातच दडवून ठेवावा, बाप मुलालाही शेवटच्या दिवसांत सांगेल, अशी रीत पडली. नुस्ख्याचा गुण येतो की नाही, येतो तर कोणत्या द्रव्यामुळे येतो, हे विचारणे म्हणजे पूर्वजांचा अवमान मानला जाऊ लागला. दुसरीकडे, इंग्रजी वैद्यक शिकलेली मंडळी या साऱ्या वारशास निव्वळ अंधश्रद्धा समजून बाजूस सारीत होती.

हकीमसाहेबांनी दोन्ही वाटा नाकारल्या. पूर्वजांचे ज्ञान ही अमानत आहे, असे ते मानीत. आणि अमानत जपावयाची तर तिच्यात खरे किती व खोटे किती याचा हिशेब द्यावा लागतो, हेही ते जाणून होते.

त्यांनी प्रथम औषधांकडे लक्ष दिले. बाजारात मिळणारी द्रव्ये भेसळीची, त्यामुळे एकाच नुस्ख्याचा गुण एका गावी येई आणि दुसऱ्या गावी येत नसे. शुद्ध व प्रमाणशीर औषधे मिळावीत म्हणून त्यांनी दिल्लीत हिंदुस्तानी दवाखाना ही औषधनिर्मितीची संस्था नावारूपास आणली आणि तिचे उत्पन्न शिक्षणासाठी लावून दिले. परदानशीन स्त्रिया उपचाराविना बाळंतपणात दगावत, हे पाहून १९०९ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यक व सुईणकामाचे वेगळे विद्यालय काढले. १९१० मध्ये त्यांनी वैद्य आणि हकीम यांची एक अखिल भारतीय परिषद स्थापन केली. वेळ मोठी आणीबाणीची होती. आपल्या मुंबई प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा येऊ घातला होता. तो १९१२ मध्ये संमत झाला आणि वैद्य-हकिमांना त्या नोंदवहीत स्थान मिळाले नाही. आपल्या वैद्यकास मान्यता हवी असेल तर केवळ गाऱ्हाणी मांडून भागणार नाही, आपले शिक्षण व आपली औषधे कसोटीस उतरविली पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती.

१९११ मध्ये ते युरोपच्या प्रवासास गेले आणि तेथील रुग्णालये, महाविद्यालये, ग्रंथालये डोळसपणे पाहिली. लंडनमधील चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्या वेळी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी काम करीत होते. त्यांच्यामुळे हकीमसाहेबांचा तेथील शल्यचिकित्सक डॉ. स्टॅनली बॉइड यांच्याशी परिचय झाला. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. एका रोग्याविषयी दोघांचे निदान वेगळे पडले, डॉ. बॉइड यांना पित्ताशयाचा विकार वाटला, तर हकीमसाहेबांनी आतड्याच्या आरंभी व्रण असल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेत हकीमसाहेबांचे निदान खरे ठरले आणि डॉ. बॉइड यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. आपल्याकडे ही कथा हकिमाच्या विजयाची म्हणून सांगतात. परंतु हकीमसाहेबांनी आपले निदान उघडपणे, सर्वांसमक्ष तपासले जाऊ दिले, याकडे आपण अधिक लक्ष द्यावे. ते चुकले असते तर तेही सर्वांना दिसलेच असते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी महाविद्यालयाच्या कामास वाहून घेतले. दिल्लीच्या करोल बागेत आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेजची पायाभरणी २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींनी केले. एकाच छताखाली आयुर्वेद व युनानी, दोहोंचे शिक्षण, आणि जोडीस शरीररचना व शस्त्रक्रिया यांचे आधुनिक ज्ञान, अशी तेथील योजना होती. गांधीजींनी त्या समारंभात केवळ स्तुती केली नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या संशोधकवृत्तीस आदर व्यक्त करून ती वृत्ती आपल्या वैद्य-हकिमांमध्ये दिसत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. ही उणीव यजमान स्वतःच कित्येक वर्षांपासून भरून काढू पाहत होते.

कोल्हापूरच्या वाचकांना येथे आपल्या गावाची आठवण व्हावी. कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ मध्ये जन्मलेले राजर्षी शाहू महाराज हे हकीमसाहेबांचे समकालीन. दिल्लीत तिब्बिया विद्यालयाची घडी बसविली जात होती, त्याच काळात, १९०६ मध्ये, महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था व वसतिगृह उभे केले. एक राजा, दुसरा हकीम. एक हिंदू, दुसरा मुस्लिम. परंतु समाजाला भिक्षेपेक्षा विद्येची अधिक गरज आहे, हे दोघांनीही ओळखले होते.

हकीमसाहेबांच्या सार्वजनिक जीवनाचा उल्लेख येथे थोडक्यातच करतो. १९२० मध्ये त्यांनी सरकारने दिलेली हाजिकुल-मुल्क ही पदवी व पदके परत केली; तेव्हा लोकांनी त्यांना मसीहुल-मुल्क हा किताब दिला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती झाले आणि १९२१ च्या अहमदाबाद येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. संस्थानिकांकडे बाहेरगावी जाण्यासाठी ते मोठे मानधन घेत. दिल्लीत दाराशी आलेल्या रोग्याकडून मात्र काही घेत नसत. ज्या वैद्यकावर हे सारे यश उभे होते, त्यालाच प्रश्न विचारण्याची गरज त्यांना वाटली, हे त्यांचे वेगळेपण होय.

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र जाणणाऱ्या संशोधकावाचून मिळणार नव्हते. सलीमुज्जमा सिद्दीकी या तरुणाने अलीगढ येथे तत्त्वज्ञान व फारसीचे शिक्षण घेतले होते. १९२० मध्ये तो उच्च शिक्षणासाठी युरोपात गेला आणि पुढे जर्मनीत फ्रँकफर्ट येथे रसायनशास्त्राकडे वळला. त्याच्या शिक्षणास हकीमसाहेबांनी आर्थिक आधार दिला. परत येऊन तिब्बिया कॉलेजमध्ये संशोधनसंस्था उभारावी आणि युनानी व आयुर्वेदिक वनस्पतींचे रासायनिक पृथक्करण करावे, ही त्यामागची योजना. १९२७ मध्ये सिद्दीकींनी डॉक्टरेट मिळविली. परंतु त्याच वर्षी, २९ डिसेंबर रोजी, हकीमसाहेबांचे रामपूर येथे निधन झाले. पेरलेल्या बीजाचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सिद्दीकींनी दिलेला शब्द पाळला. दिल्लीच्या त्या संशोधनसंस्थेत त्यांनी सर्पगंधेची मुळी हाती घेतली. हकिमांच्या ग्रंथांत तिला असरोल म्हणतात, वैद्य तिला सर्पगंधा म्हणतात आणि बिहारात तर ती वेडावरचे औषध म्हणूनच विकली जात असे. १९३१ मध्ये सिद्दीकी व त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळीतून अनेक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतील प्रभावी क्षारसदृश द्रव्ये, वेगळी केली. त्यांपैकी एका गटास त्यांनी आपल्या उपकारकर्त्याच्या नावावरून अजमलीन, अजमलिसीन आणि अजमलिनीन अशी नावे दिली. अजमलीन हृदयातील विद्युतप्रवाहावर परिणाम करते. हृदयाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचे निदान करण्यासाठी आजही काही देशांतील रुग्णालयांत ते टोचून तपासणी केली जाते. दिल्लीच्या एका हकिमाचे नाव अशा रीतीने जगभरच्या औषधकोशांत कायम झाले.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब, दोहोंवर उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. पाठोपाठ कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या औषधी गुणांची शास्त्रीय तपासणी केली. तरीही जगाचे लक्ष तिकडे गेले नाही. ते वेधून घेण्याचे श्रेय आपल्या मुंबईकडे जाते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना सर्पगंधा देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये हे निष्कर्ष इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. या कार्यासाठी १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. हकिमाचा वारसा, मुस्लिम रसायनतज्ज्ञाचे पृथक्करण, बंगाली वैद्यांचा अनुभव आणि पारशी डॉक्टरची परीक्षा, अशा अनेक हातांतून हे ज्ञान पुढे गेले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी याच मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांस देऊन पाहिले. अनेक क्षुब्ध रोगी शांत झाले. ज्यांना बांधून ठेवावे लागे अशा रोग्यांसाठी औषधोपचाराचे युग सुरू झाले, त्यात रेसरपीनचा वाटा मोठा आहे.

हे द्रव्य नेमके काय करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन असे रासायनिक निरोपे साठविलेले असतात. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला त्यांच्यामार्फत पोहोचतो. रेसरपीन या पिशव्या भरू देत नाही, त्यामुळे साठा रिता होतो. हृदयास व रक्तवाहिन्यांस उत्तेजित करणारे निरोप कमी झाले की रक्तदाब उतरतो. मेंदूतील निरोप कमी झाले की खवळलेले मन निवते. मन आणि शरीर यांच्यात आपण जी भिंत घालतो, ती एवढ्याशा मुळीने अशी ओलांडली. पुढे स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी रेसरपीनने निपचित पडलेल्या प्राण्यांना डोपामिनची पूर्वावस्था असलेले एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ च्या या प्रयोगाने डोपामिनचे महत्त्व उजेडात आले. कंपवाताच्या रोग्यांना आज दिल्या जाणाऱ्या एल-डोपाच्या उपचारामागे हेच संशोधन आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या कथेची दुसरी बाजू. परीक्षेने मुळीचे गुण दाखविले, तसे दोषही दाखविले. रेसरपीन घेणाऱ्या काही रोग्यांत गाढ औदासीन्य आले, काहींचे नाक चोंदले, पोटात व्रण झाले, कोणाच्या हालचाली कंपवातासारख्या मंदावल्या. अधिक सुरक्षित औषधे मिळाली तसे त्याचा वापर कमी होत गेला. एखाद्यास वाटेल की मग वारसा खोटा ठरला. तसे नाही, वाचकहो. मुळीत खरोखर काय आहे, किती मात्रेत ती तारते आणि किती मात्रेत मारते, हे कळणे म्हणजेच वारशाचा हिशेब पुरा होणे. हकीमसाहेबांना हवी होती ती हीच गोष्ट.

आपल्या घरासाठी यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, मनाच्या आजारासही औषध असते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी उपचार घेण्याची शिकवण दिली, तीत डोक्याचा आजार वगळलेला नाही. कैरो येथे १२८४ मध्ये सुलतान कलावून यांनी उभारलेल्या भव्य रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. आपल्या पूर्वजांनी ज्याला रोगी मानून खाट दिली, त्याला आपण बाधा झाली म्हणून कोंडून ठेवावे, हे शोभत नाही. दुवा अवश्य करावी, कुरआनचे पठण करावे. पण दुवा हे औषध न देण्याचे कारण होऊ नये. आजार जितका लवकर दाखविला जाईल तितका उपचार सोपा जातो, आणि लपविलेल्या दिवसांची किंमत त्या मुलाला किंवा मुलीला मोजावी लागते.

दुसरी गोष्ट, रक्तदाबाची किंवा मनाच्या आजाराची गोळी बरे वाटू लागताच आपल्या मर्जीने बंद करू नये. गोळीमुळे त्रास होत असेल तर डॉक्टरला सांगावे. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते. एकाएकी सोडलेल्या गोळीमुळे चढलेला रक्तदाब मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो.

तिसरी गोष्ट, जडीबुटीच्या नावाने दिली जाणारी प्रत्येक पुडी निरुपद्रवी नसते. सर्पगंधा आपल्या सह्याद्रीच्या दमट जंगलांतही उगवते. बेसुमार तोडीमुळे ती दुर्मीळ होत चालली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तिच्या एकाच मुळीत हृदय, रक्तदाब व मेंदू यांवर परिणाम करणारी अनेक द्रव्ये आहेत. कोणी फिरस्ता ती पुडीत बांधून देत असेल तर त्यात ती किती आहे, आणखी काय मिसळले आहे, रोगी आधीच कोणती गोळी घेत आहे, हे कोण पाहणार? वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यास इस्लामी कायद्याने झालेल्या हानीबद्दल जबाबदार धरले आहे, याचे स्मरण देणाऱ्याने ठेवावे आणि घेणाऱ्यानेही. शिकलेल्या, नोंदणीकृत हकिमाकडे किंवा वैद्याकडे जात असाल तर चालू असलेल्या सर्व गोळ्या त्यांना दाखवाव्यात आणि डॉक्टरलाही ते औषध सांगावे.

आणि एक गोष्ट मुलामुलींसाठी. आज कसबा बावड्यातच वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या औषधशास्त्राच्या पुस्तकांत रेसरपीनचे नाव येते. आपल्या घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा ते पुस्तक हाती घेईल तेव्हा त्याला सांगावे की, ही विद्या परकी नाही. एका हकिमाने आपल्या घराण्याचा नुस्खा दडवून न ठेवता तो तपासणारा तरुण तयार करण्यासाठी पैसा खर्च केला, म्हणून ती येथवर पोहोचली. समाजात ज्यांना अल्लाहने सुबत्ता दिली आहे, त्यांनीही एखाद्या होतकरू विद्यार्थ्याची फी भरावी. तिचे फळ आपल्या हयातीत दिसेलच असे नाही. हकीमसाहेबांनाही ते दिसले नव्हते.

अल्लाह त्यांच्यावर कृपा करो आणि आपणां सर्वांना उपयुक्त ज्ञान देवो. आमीन.